विश्लेषण : न्यूटन आयुष्यभर गप्प का राहिला? ज्ञानोदयाच्या काळात धर्माला प्रश्न विचारण्याची किंमत कोणी मोजली?

गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडणाऱ्या शास्त्रज्ञाने ख्रिस्ती धर्मातील एक मूळ सिद्धांत नाकारला होता. पण हयात असेपर्यंत त्याने ते उघड होऊ दिले नाही. त्याच काळात तशाच मतांसाठी एका विद्यार्थ्याला फाशी झाली. ‘तर्काला पटेल असा धर्म’ शोधणाऱ्या विचारवंतांची ही गोष्ट नेमकी काय आहे?

८ जानेवारी १६९७. स्कॉटलंडमध्ये एडिनबरो आणि लीथ यांच्या दरम्यानच्या रस्त्यावर थॉमस एकेनहेड या विद्यार्थ्याला फाशी देण्यात आली. वय अवघे २०. त्याने खून केला नव्हता, दरोडा घातला नव्हता, राजाविरुद्ध बंडही केले नव्हते. सोबतच्या विद्यार्थ्यांसमोर तो धर्माविषयी काहीबाही बोलला होता.

त्याच वेळी लंडनमध्ये आयझॅक न्यूटन सरकारी टांकसाळीचा वॉर्डन म्हणून रुजू होता. एकेनहेडवरील आरोपांपैकी एक होता त्रैक्य नाकारण्याचा. न्यूटनही त्रैक्य मानत नव्हता. एकेनहेड मात्र बोलला आणि न्यूटनने आपले कागद कोणाच्या हाती लागू दिले नाहीत.

युरोपातील ज्ञानोदयाचा, म्हणजे ‘एनलायटनमेंट’चा काळ हा ‘विज्ञान विरुद्ध धर्म’ असा सामना होता, अशी समजूत शाळेपासून पक्की झालेली असते. प्रत्यक्षात त्या काळातील अनेक मोठी माणसे श्रद्धाळू होती. धर्म सोडण्याऐवजी त्यांना तो तपासून घ्यायचा होता. या तपासणीची किंमत मात्र सर्वांना सारखी मोजावी लागली नाही.

एकेनहेडला फाशी का झाली?

एकेनहेड एडिनबरो विद्यापीठात शिकत होता. डिसेंबर १६९६ मध्ये त्याच्यावर ईशनिंदेचा खटला चालला. साक्षीदार होते त्याच्याच ओळखीचे विद्यार्थी. धर्मशास्त्र म्हणजे जुळवलेल्या भाकडकथा आहेत, जुना करार या एज्राने रचलेल्या गोष्टी आहेत, देव एकाच वेळी तीन आणि एक असणे ही विसंगती आहे, असे तो म्हणाल्याचे त्यांनी सांगितले. कडाक्याच्या थंडीत एकदा ‘यापेक्षा नरकात ऊब तरी मिळेल’ अशा अर्थाचा विनोद केल्याचेही साक्षीत आले.

स्कॉटलंडमध्ये यासाठी दोन कायदे होते. १६९५ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला तुरुंग आणि जाहीर प्रायश्चित्त, तर तिसऱ्या गुन्ह्याला मृत्युदंड होता. १६६१ चा कायदा याहून कडक होता. एकेनहेडचा हा पहिलाच गुन्हा असला, तरी सरकारी पक्षाने जुन्या कायद्याचा आधार घेऊन फाशीची मागणी केली आणि ती मान्य झाली.

त्याने माफी मागितली, आपली विधाने मागे घेतली, दयेचा अर्ज केला. पण चर्चच्या सर्वसाधारण सभेने याच सुमारास राजाकडे अधर्माविरुद्धच्या कायद्यांची कठोर अंमलबजावणी मागितली होती. दया मिळाली नाही. मृत्यूपूर्वीच्या निवेदनात त्याने लिहिले की, सत्याची ओढ माणसात जन्मजात असते आणि आपण तिच्याच मागे गेलो. ब्रिटनमध्ये ईशनिंदेसाठी फाशी जाणारा तो शेवटचा माणूस ठरला.

वाद ‘त्रैक्या’वरच का होता?

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे वेगळे, तरीही देव एकच, हा ख्रिस्ती धर्मातील त्रैक्याचा सिद्धांत. येशू पित्याच्या बरोबरीचा देव की पित्याने निर्माण केलेला, यावर चौथ्या शतकात मोठा वाद झाला. एरियस नावाच्या धर्मोपदेशकाचे म्हणणे होते की, पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही. इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथील धर्मपरिषदेने एरियसचे मत फेटाळले. तेव्हापासून त्याचे मत मानणारे ‘पाखंडी’ ठरले.

धर्मसुधारणेच्या चळवळीत पोपची सत्ता नाकारणाऱ्या प्रोटेस्टंट पंथांनीही त्रैक्य कायम ठेवले. मायकेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याने ते नाकारले तेव्हा १५५३ मध्ये प्रोटेस्टंटांच्याच जिनिव्हात त्याला जिवंत जाळण्यात आले. पोलंडमध्ये राकूव्ह या गावी त्रैक्य न मानणाऱ्यांचा मोठा गट तयार झाला. १६०५ मध्ये त्यांनी आपल्या मतांची प्रश्नोत्तरी छापली. १६५८ मध्ये पोलंडने त्यांना देशाबाहेर काढण्याचा निर्णय घेतला; पण त्यांची पुस्तके हॉलंडमार्गे इंग्लंडपर्यंत पोहोचत राहिली.

हा वाद केवळ धर्मशास्त्राचा नव्हता. इंग्लंडमध्ये राजा हाच चर्चचा प्रमुख होता. सरकारी पद, विद्यापीठातील प्रवेश, पदवी, प्राध्यापकी या सगळ्यांच्या वाटा चर्च ऑफ इंग्लंडच्या शपथांमधून जात होत्या. त्यामुळे त्रैक्यावर शंका म्हणजे राज्यव्यवस्थेवरच शंका, असे गणित होते.

एरियन, सोसिनियन, युनिटेरियन, डीइस्ट : फरक काय?

हे शब्द त्या काळी अनेकदा शिवीसारखे वापरले गेले. विरोधकाला बदनाम करायचे तर त्याला यांपैकी काहीतरी म्हटले की पुरे. पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

● एरियन : येशू दैवी आहे, सृष्टीच्या आधीपासून आहे, पण पित्याच्या बरोबरीचा नाही. न्यूटनचे मत साधारण याच्या जवळचे.

● सोसिनियन : येशू हा जन्माला आलेला माणूसच, देवाने त्याला विशेष कार्य आणि अधिकार दिला. पोलंडमधील गटाचे हे मत, इटालियन विचारवंत फाउस्तो सोझ्झिनीच्या नावावरून ओळखले जाते.

● युनिटेरियन : देव एकच, असे मानणारे ख्रिस्ती. इंग्लंडमध्ये १७७४ मध्ये थिओफिलस लिंडसेने लंडनच्या एसेक्स स्ट्रीटवर या विचाराचे उघड प्रार्थनागृह सुरू केले.

● डीइस्ट : विश्वाचा निर्माता आहे, पण त्याने एखादा ग्रंथ धाडला, चमत्कार केले, हे मान्य नाही. निसर्ग हाच त्याचा पुरावा.

पहिले तीन गट स्वतःला ख्रिस्तीच मानत. बायबल टाकून द्यावे असे त्यांचे म्हणणे नव्हते. बायबलवर नंतर चढलेली पुटे काढा, ही त्यांची मागणी होती.

न्यूटनने नेमके काय शोधले?

न्यूटनने धर्म आणि चर्चच्या इतिहासावर दहा लाखांहून अधिक शब्द लिहिले. यांतील सर्वांत धाडसी लेखन त्याने नोव्हेंबर १६९० मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉकला पत्ररूपाने पाठवले. विषय होता बायबलमधील दोन वचने : योहानाच्या पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायाचे सातवे वचन आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाचे सोळावे वचन. त्रैक्याच्या समर्थनासाठी ही दोन्ही वचने पुढे केली जात.

सॉफ्टवेअरमध्ये चूक कधी शिरली हे शोधायचे तर जुन्या आवृत्त्या एकामागोमाग तपासतात. न्यूटनची पद्धत अशीच होती. त्याने जुनी ग्रीक हस्तलिखिते, वेगवेगळ्या भाषांतील भाषांतरे आणि चर्चच्या आद्य लेखकांचे उतारे शेजारी शेजारी ठेवले. योहानाच्या पत्रातील तिघांच्या एकत्वाचे वाक्य जुन्या ग्रीक हस्तलिखितांत सापडत नव्हते. चौथ्या शतकात त्रैक्यावर एवढे रण माजले असताना त्रैक्याच्या समर्थकांनी आपल्या बाजूचे हे सर्वांत थेट वचन पुढेच केले नाही, हेही त्याला खटकले. ते नंतर लॅटिन परंपरेतून मजकुरात शिरले असावे, असा त्याचा निष्कर्ष होता.

ही शंका अगदी नवी नव्हती. इरास्मसने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापला तेव्हा त्यात ते वाक्य नव्हते. टीका झाल्यावर १५२२ च्या आवृत्तीत त्याने ते घेतले. न्यूटनने हा पुरावा अधिक नेटाने आणि बारकाईने मांडला.

लॉकने हे लेखन नाव न देता हॉलंडमध्ये छापण्याची व्यवस्था केली. पण १६९२ मध्ये न्यूटनने घाईने निरोप पाठवून छपाई थांबवली. १७२७ मध्ये तो वारला आणि १७५४ मध्ये, म्हणजे लिहिल्यानंतर ६४ वर्षांनी, ते पहिल्यांदा छापून आले.

मग तो गप्प का राहिला?

न्यूटन केंब्रिजच्या ज्या महाविद्यालयाचा फेलो होता त्याचे नावच ट्रिनिटी, म्हणजे त्रैक्य. नियमानुसार फेलोने ठरावीक मुदतीत पाळकपदाची दीक्षा घ्यायला हवी होती. त्यासाठी चर्चच्या मतांवर सही करावी लागली असती. न्यूटन ते टाळत राहिला. १६७५ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने गणिताच्या ल्युकेशियन प्राध्यापकाला या अटीतून सूट दिली आणि त्याची नोकरी वाचली.

न बोलण्याचा निर्णय किती व्यवहारी होता, हे त्याच्या वारसदाराकडे पाहिल्यावर कळते. न्यूटननंतर ल्युकेशियन प्राध्यापकपदी आलेल्या विल्यम व्हिस्टनने तशीच मते उघडपणे मांडली. १७१० मध्ये केंब्रिजने त्याला काढून टाकले. न्यूटन त्या वेळी रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता, त्याला ‘सर’ ही पदवी मिळालेली होती. तो व्हिस्टनच्या बाजूने जाहीरपणे उभा राहिला नाही. पुढे रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही न्यूटनच्या विरोधामुळेच मिळाले नाही, असे व्हिस्टनने लिहून ठेवले आहे.

न्यूटनचा निकटवर्ती धर्मोपदेशक सॅम्युएल क्लार्क यानेही १७१२ मध्ये बायबलमधील १,२५१ वचने तपासून त्रैक्यावर ग्रंथ लिहिला. चर्चमध्ये खळबळ उडाली. अखेर या विषयावर पुन्हा लिहिणार नाही, प्रवचन देणार नाही, असे आश्वासन देऊन त्याने आपले पद राखले.

काढून टाकलेला व्हिस्टन, तह करून सुटलेला क्लार्क आणि बोललाच नाही असा न्यूटन, असे तीन मार्ग एकाच वर्तुळात दिसतात. मृत्युशय्येवर मात्र न्यूटनने प्रभुभोजनाचा विधी घेण्यास नकार दिला. त्याचे धर्मविषयक बहुतेक कागद पुढे २०० वर्षे घराण्याकडेच राहिले. १९३६ मध्ये लंडनला त्यांचा लिलाव झाला. काही अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी मिळवले, तर मोठा भाग आज जेरुसलेममधील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

लॉकचा ‘वाजवी’ ख्रिस्ती धर्म म्हणजे काय?

जॉन लॉकने १६९५ मध्ये ‘द रिझनेबलनेस ऑफ ख्रिश्चॅनिटी’ हे पुस्तक नाव न छापता प्रसिद्ध केले. ख्रिस्ती होण्यासाठी किती गोष्टी मानणे गरजेचे आहे, हा त्याचा प्रश्न होता. शुभवर्तमाने वाचून त्याने उत्तर काढले : येशू हा मसीहा आहे हे मानणे, चुकांचा पश्चात्ताप करणे आणि नीतीने वागणे. बाकीची क्लिष्ट सूत्रे विद्वानांनी नंतर जोडली.

लॉकचा मुद्दा सामाजिकही होता. धर्म मजुरांसाठी, सूत कातणाऱ्या बायांसाठी आहे. ज्यांना दिवसभर राबायचे आहे त्यांना ग्रीक तत्त्वज्ञान समजल्याशिवाय मुक्ती नाही, असे देव कसे ठरवेल? हे पुस्तक येताच जॉन एडवर्ड्स या धर्मोपदेशकाने त्याच्यावर सोसिनियन असल्याचा आरोप केला. पुस्तकात त्रैक्याचा उल्लेखच नाही, हा त्याचा पुरावा. लॉकने आरोप नाकारला. पण ‘मी त्रैक्य मानतो’ असे स्पष्ट वाक्य काही लिहिले नाही.

सहिष्णुतेचा पुरस्कर्ता म्हणून लॉकचे नाव घेतले जाते. १६८९ च्या त्याच्या प्रसिद्ध पत्रात राज्यसत्तेने माणसाच्या श्रद्धेत हात घालू नये, असे ठाम प्रतिपादन आहे. मात्र निरीश्वरवाद्यांना त्याने ही सवलत दिली नाही. देव न मानणाऱ्याच्या शपथेवर विश्वास कसा ठेवायचा, हा त्याचा युक्तिवाद होता. त्या पत्राचे लेखकत्वही त्याने १७०४ मध्ये, मृत्युपत्राच्या पुरवणीत मान्य केले. एकेनहेड प्रकरणाची कागदपत्रे त्याने जमवून ठेवली होती. नाव न छापण्याची त्याची सवय कुठून आली असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

जॉन टोलंडने कोणती रेषा ओलांडली?

लॉकच्या पुस्तकानंतर वर्षभराने, १६९६ मध्ये, आयर्लंडमध्ये जन्मलेल्या २५ वर्षांच्या जॉन टोलंडने ‘ख्रिश्चॅनिटी नॉट मिस्टीरियस’ प्रसिद्ध केले. लॉकच्या विचारात बुद्धीपलीकडच्या काही गोष्टींना जागा होती. टोलंडने ती जागा काढून घेतली. जे समजतच नाही त्यावर विश्वास ठेवला असे म्हणण्याला अर्थच नाही. धर्मातील ‘गूढ’ हे पुरोहितवर्गाने आपले महत्त्व टिकवण्यासाठी निर्माण केले, असे तो म्हणाला.

१६९७ मध्ये आयर्लंडच्या संसदेने हे पुस्तक डब्लिनमध्ये जल्लादाच्या हातून जाळण्याचा आदेश दिला. अटक टाळण्यासाठी टोलंडने आयर्लंड सोडले. लॉकनेही या तरुणापासून अंतर राखले. इथून पुढे ‘तर्कशुद्ध ख्रिस्ती धर्म’ आणि ‘डीइझम’ या दोन वाटा वेगळ्या होत गेल्या.

कायद्याने सहिष्णुता आली नव्हती का?

आली होती, पण अर्धवट. इंग्लंडच्या १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या प्रोटेस्टंटांना प्रार्थनेची मुभा दिली. कॅथलिक आणि त्रैक्य नाकारणारे यांना त्यातून वगळले. उलट काही वर्षांतच आलेल्या ईशनिंदा कायद्यात त्रैक्य नाकारणाऱ्यास पहिल्यांदा सरकारी पदांना मुकावे लागेल आणि दुसऱ्यांदा ३ वर्षांचा तुरुंगवास होईल, अशी तरतूद झाली. युनिटेरियन लोकांवरील ही टांगती तलवार १८१३ मध्ये दूर झाली.

कायदा शिथिल झाला तरी जमाव असतोच, हे जोसेफ प्रीस्टलीने अनुभवले. ऑक्सिजन वेगळा करणारा, सोडावॉटरची कृती सांगणारा हा रसायनशास्त्रज्ञ पेशाने युनिटेरियन धर्मोपदेशक होता. मूळ ख्रिस्ती धर्मात नंतर काय काय घुसडले गेले, याचा इतिहास त्याने १७८२ मध्ये मांडला. फ्रेंच राज्यक्रांतीलाही त्याचा पाठिंबा होता. १४ जुलै १७९१ रोजी क्रांतीच्या दुसऱ्या स्मृतिदिनी बर्मिंगहॅममध्ये समर्थकांनी जेवणाचा कार्यक्रम ठेवला. प्रीस्टली त्याला गेलाही नव्हता. तरी ‘चर्च आणि राजा’चा जयघोष करणाऱ्या जमावाने त्याचे प्रार्थनागृह जाळले. घर, ग्रंथसंग्रह आणि प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली. कुटुंब कसेबसे वाचले. १७९४ मध्ये त्याने कायमची अमेरिका गाठली.

जेफरसनने बायबल का कापले?

अमेरिकेत प्रीस्टलीची पुस्तके ज्यांनी मन लावून वाचली त्यांत थॉमस जेफरसन होता. व्हर्जिनियातील धर्मस्वातंत्र्याच्या १७८६ च्या कायद्याचा मसुदा त्याचाच. १८०० च्या अध्यक्षीय निवडणुकीत विरोधकांनी त्याला नास्तिक ठरवण्याचा जोरदार प्रचार केला.

निवृत्तीनंतर, १८२० च्या सुमारास, त्याने ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी नव्या कराराच्या प्रती घेतल्या, हवे ते उतारे धारदार पात्याने कापले आणि कोऱ्या पानांवर चार स्तंभांत चिकटवले. येशूची नीतिवचने आणि दृष्टांत ठेवले, चमत्कार वगळले. पुस्तक येशूच्या दफनाशी संपते, पुनरुत्थान त्यात नाही. हे काम त्याने स्वतःपुरतेच ठेवले. १८९५ मध्ये स्मिथसोनियन संस्थेने ती प्रत मिळवली आणि १९०४ मध्ये अमेरिकी संसदेने ती छापली.

माजी राष्ट्राध्यक्षालाही आपले बायबल कपाटात ठेवावेसे वाटले, यातच बरेच काही आले. मात्र जेफरसनच्या तर्काची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. चमत्कारांवर पाते चालवणाऱ्या या माणसाने आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. धर्मग्रंथ तपासणारी बुद्धी स्वतःच्या मळ्यापर्यंत पोहोचली नाही.

शिक्षा मतांना होती की वाचकवर्गाला?

याचे उत्तर दोन पुस्तकांच्या नशिबात दिसते. १७७६ मध्ये एडवर्ड गिबनने रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड काढला. त्यात ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराची कारणे दैवी न मानता ऐतिहासिक दाखवली होती. धर्मोपदेशकांनी टीकेचा भडिमार केला. पण या महागड्या ग्रंथावर खटला झाला नाही.

थॉमस पेनचे ‘द एज ऑफ रीझन’ १७९४ आणि १७९५ मध्ये दोन भागांत आले. पेन एक देव मानत होता. फ्रान्समध्ये पसरणाऱ्या नास्तिकतेला उत्तर देणे हाही त्याचा हेतू होता. पण त्याने साध्या, रोखठोक भाषेत लिहिले आणि पुस्तक स्वस्तात विकले गेले. कारागीर, मजूर ते वाचू लागले. तेव्हा कायदा जागा झाला.

१७९७ मध्ये लंडनचा पुस्तकविक्रेता थॉमस विल्यम्स याला दोषी ठरवण्यात आले. खटला चालवणारे नामांकित वकील टॉमस अर्स्किन शिक्षेपूर्वी त्याच्या घरी गेले. घरात देवीच्या आजाराने अंथरुणाला खिळलेली मुले होती आणि पोटासाठी कागद शिवण्याचे काम चालू होते. ते शिवत असलेले कागद होते धार्मिक पत्रके. अर्स्किनने आपल्या अशिलांना, म्हणजे खटला भरणाऱ्या धार्मिक मंडळींना, दया दाखवण्याची विनंती केली. त्यांनी ती नाकारली. अर्स्किनने वकीलपत्र सोडले. विल्यम्सला वर्षभराची सक्तमजुरी झाली.

१८१९ मध्ये हेच पुस्तक छापल्याबद्दल रिचर्ड कार्लाइलला ३ वर्षांचा तुरुंगवास आणि १,५०० पौंड दंड झाला. दंड न भरल्याने त्याने ६ वर्षे तुरुंगात काढली. दुकान चालू ठेवणारी त्याची पत्नी जेन आणि बहीण मेरी ॲन याही तुरुंगात गेल्या. पेन स्वतः १८०९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लेखणी झिजवलेल्या या माणसाच्या अंत्ययात्रेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे होती.

भारताशी आणि महाराष्ट्राशी संबंध काय?

जेफरसन कात्री चालवत होता त्याच १८२० साली कोलकात्यात राजा राममोहन रॉय यांनी येशूच्या नैतिक उपदेशांचे संकलन प्रसिद्ध केले. त्यांनीही चमत्कार आणि त्रैक्याची चर्चा बाजूला ठेवली. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांनी रॉय यांच्यावर टीका केली, रॉय यांनी उत्तरे दिली. या वादात विल्यम ॲडम हा बाप्टिस्ट मिशनरीच रॉय यांच्या मताचा झाला आणि १८२१ मध्ये युनिटेरियन बनला. रॉय पुढे इंग्लंडला गेले, तिथल्या युनिटेरियन मंडळींनी त्यांचे स्वागत केले. १८३३ मध्ये ब्रिस्टलला त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रातील धागा अधिक ठळक आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे बंद असलेल्या पंथांनी स्वतःच्या शिक्षणसंस्था काढल्या होत्या. प्रीस्टली अशाच वॉरिंग्टन अकादमीत शिकवत असे. तिच्यानंतर १७८६ मध्ये मँचेस्टरला निघालेली संस्था शतकभराने ऑक्सफर्डमध्ये मँचेस्टर कॉलेज म्हणून स्थिरावली. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात तिथे धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले. परतल्यावर १९०६ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. धर्माची चिकित्सा पुस्तकापुरती न ठेवता अस्पृश्यतेच्या प्रश्नाला त्यांनी हात घातला.

महात्मा जोतीराव फुले यांनी तरुणपणी पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले होते. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’मध्ये ‘निर्मिक’ आहे. पण निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नाही. हा विचार पेनच्या विचाराशी जुळतो. फरक असा की, फुले यांच्यासमोर प्रश्न चमत्कार खरे की खोटे एवढाच नव्हता; ग्रंथाच्या नावाने जन्मावरून माणसाची पायरी ठरवली जाते, हा होता.

या इतिहासातून काय हाती लागते?

पहिली गोष्ट, शंका घेणारा माणूस श्रद्धेचा शत्रू असतोच असे नाही. न्यूटन, लॉक, प्रीस्टली हे तिघेही बायबल मन लावून वाचणारे होते. बहुतेकांपेक्षा अधिक बारकाईने वाचल्यामुळेच त्यांना प्रश्न पडले.

दुसरी गोष्ट, प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य सर्वांना एकाच दिवशी मिळत नाही. ज्याच्याकडे पद, प्रतिष्ठा किंवा राजाची मेहेरनजर होती त्याला गप्प बसण्याचा तरी पर्याय होता. विद्यार्थी, छोटा छापखानेवाला, पुस्तकविक्रेता यांच्याकडे तोही नव्हता. त्यामुळे एखादा समाज किती सहिष्णू आहे हे तिथल्या नामवंतांना काय बोलता येते, यावरून मोजणे पुरेसे नाही. सर्वांत कमी संरक्षण असलेल्या माणसाने तेच विचारले तर त्याचे काय होते, यावरून ते मोजावे लागते.

इंग्लंडमध्ये ईशनिंदेचा गुन्हा २००८ मध्ये रद्द झाला. स्कॉटलंडने तो रद्द करणारा कायदा २०२१ मध्ये केला, एकेनहेडच्या फाशीनंतर ३२४ वर्षांनी. आणि ज्या वचनावरचे लेखन न्यूटनने घाईघाईने मागे घेतले होते ते वचन आज बहुतेक आधुनिक इंग्रजी बायबलांच्या मुख्य मजकुरात नाही. ‘जुन्या हस्तलिखितांत हे वाक्य आढळत नाही’ अशा अर्थाची छोटीशी टीप पानाच्या तळाशी असते. ती वाचून आता कोणाचीही नोकरी जात नाही.